शामोनी : हिमशिखराच्या पायथ्याचें गांव

शामोनी गांवाच्या मधल्या चौकांत, आर्व्ह नदीच्या कांठीं, दोन माणसांचा एक ब्राँझचा पुतळा आहे. त्यांतील एक जिनीव्हा येथील श्रीमंत शास्त्रज्ञ ओरास द सोस्यूर आणि दुसरा त्याच खोऱ्यांत डोंगरांतील स्फटिक शोधून पोट भरणारा गरीब शेतकरी जाक बाल्मा. बाल्मा हात उंचावून समोरच्या पांढऱ्या शिखराकडे बोट दाखवीत आहे आणि सोस्यूर तिकडे पाहत आहे. हा पुतळा सन १८८७ मधला. तेथून थोड्याच अंतरावर तिसऱ्या एका माणसाचा पुतळा आहे. तो एकटाच शिखराकडे नजर लावून आहे. त्याचें नांव डॉक्टर मिशेल पाकार, आणि त्याचा पुतळा उभा राहिला तो सन १९८६ मध्यें. वास्तविक मों ब्लांच्या माथ्यावर मनुष्याचें पहिलें पाऊल पडलें तें ८ ऑगस्ट १७८६ रोजीं, आणि त्या दिवशीं तेथें पोंचले ते बाल्मा व पाकार हे दोघे. सोस्यूर त्या दिवशीं तेथें नव्हताच. मग न पोंचलेल्याला शंभर वर्षांनीं पुतळा आणि पोंचलेल्याला दोनशें वर्षांनीं, असें कां व्हावें? या गांवीं जाणाऱ्या प्रवाशानें पहिल्याच संध्याकाळीं, रोपवेचें तिकीट काढण्यापूर्वीं, ही गोष्ट समजून घेतलेली बरी. डोंगरांत कोणाच्या सोबतीनें जावें आणि कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा, हा प्रश्न त्या गांवांत तेव्हांपासून आजवर जिवंत आहे.

शामोनी फ्रान्सच्या आग्नेय कोपऱ्यांत आहे. एका बाजूस स्वित्झर्लंडची हद्द, दुसऱ्या बाजूस इटलीची. जिनीव्हाच्या विमानतळावरून मोटारबसनें सुमारें सव्वा ते दीड तासांत तेथें जातां येतें. आगगाडीनें जावयाचें झाल्यास सें-जर्व्हे येथें उतरून अरुंद रुळांच्या लहान गाडींत बसावें लागतें. ही गाडी १९०१ सालीं शामोनीस पोंचली आणि आजही ती पुढें स्वित्झर्लंडमधील मार्तिन्यीपर्यंतचा मार्ग जोडून देते. गांवची कायम वस्ती नऊ हजारांच्या आंतबाहेर, म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गांवाहून लहानच. गांव समुद्रसपाटीपासून सुमारें ३,४०० फूट उंचीवर आहे आणि मों ब्लांचा माथा सुमारें १५,७७० फुटांवर. माथ्यावरील बर्फाची टोपी वाऱ्यानें व उन्हाळ्यानें कमीजास्त होत असल्यामुळें हा आंकडा दर मोजणींत थोडा बदलतो. खाटेवर पडल्या पडल्या खिडकींतून जें शिखर दिसतें तें डोक्यावर बारा हजार फुटांहून अधिक उंच आहे, हें ध्यानांत यावयास वेळ लागतो. कळसूबाईचें शिखर समुद्रापासून साधारण ५,४०० फूट. दोन कळसूबाई एकीवर एक रचल्या तरी शामोनीच्या रस्त्यावरून मों ब्लांच्या माथ्यास हात लागावयाचा नाहीं.

या खोऱ्याचा शोध विंडहॅम व पोकॉक या दोन इंग्रजांनीं १७४१ सालीं लावला असें जुनीं प्रवासवर्णनें मोठ्या अभिमानानें सांगतात. ही मंडळी रानटी लोकांच्या भीतीनें हत्यारें घेऊन आली होती. गमतीचा भाग असा, कीं तेथें त्यापूर्वीं सहाशें वर्षांहून अधिक काळ ख्रिस्ती मठ होता, शेतसारा वसूल होत होता आणि लोक मुकाट्यानें गुरें राखीत होते. सारा वसूल करणाऱ्याला जें खोरें ठाऊक असतें त्याचा शोध आणखी कोणीं लावावा, हा एक प्रश्नच आहे. गांवकऱ्यांना त्या काळीं शिखरांचें कौतुक नव्हतें, भीति होती. सतराव्या शतकांत हिमनद्या वाढत वाढत शेतांपर्यंत आल्या, कांहीं वाड्या उद्ध्वस्त झाल्या, तेव्हां १६४४ सालीं जिनीव्हाच्या बिशपानें सुमारें तीनशें माणसांची मिरवणूक नेऊन त्या बर्फावर मंत्रपाठ केला आणि तिला मागें सरण्याची विनंती केली.

सोस्यूर १७६० सालीं प्रथम तेथें आला. शिखरावर जाण्याची वाट शोधून देईल त्यास बक्षीस देईन, असें त्यानें जाहीर केलें. पंचवीस वर्षें तें बक्षीस कोणास मिळालें नाहीं. बर्फावर रात्र काढली तर मनुष्य जिवंत राहत नाहीं, अशीच त्या वेळची समजूत होती. शेवटीं गांवचा डॉक्टर पाकार आणि बाल्मा असे दोघेच निघाले. दोर नाहीं, शिडी नाहीं, हातांत लांब काठ्या आणि डॉक्टरच्या सामानांत हवेचा दाब मोजण्याचें यंत्र. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं साडेसहाच्या सुमारास ते माथ्यावर उभे राहिले. गांवांत फॉन गेर्सडॉर्फ नांवाचा एक जर्मन उमराव दुर्बीण लावून बसला होता. त्यानें दोघांची प्रत्येक हालचाल आपल्या रोजनिशींत टिपून ठेवली. उतरतांना बर्फाच्या चकाकीनें डॉक्टरचे डोळे गेल्यासारखे झाले होते.

बक्षीस बाल्मास मिळालें. डॉक्टरास तें नकोच होतें. परंतु बूरी नांवाचा जिनीव्हाचा एक लेखक, ज्यास स्वतःस तो माथा गांठतां आला नव्हता, त्यानें अशी हूल उठविली कीं, डॉक्टर वाटेंत गळून पडला आणि बाल्मानें त्यास कसेंबसें वर ओढून नेलें. पुढें १८३२ मध्यें प्रसिद्ध कादंबरीकार अलेक्सांद्र द्यूमा म्हाताऱ्या बाल्मास भेटला. बाल्मानें आपल्या शौर्याची कथा तिखटमीठ लावून सांगितली, द्यूमानें तींत आपल्या पदरचें घातलें, आणि जगानें तीच खरी मानली. डॉक्टर तेव्हां हयात नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभीं गेर्सडॉर्फची रोजनिशी अभ्यासकांच्या हातीं लागली आणि दोघे बरोबरीनें, आळीपाळीनें पुढें होऊन चढले होते हें सिद्ध झालें. दुर्बिणीतून पाहणाऱ्या परक्या माणसानें न्याय दिला. पण तो लोकांपर्यंत पोंचावयास दोनशें वर्षें लागलीं. बाल्माची अखेरही विचित्रच झाली. १८३४ सालीं, वयाच्या सत्तरीनंतर, सोनें शोधावयास म्हणून तो एका दुर्गम दरींत गेला व परत आला नाहीं.

पहिल्या चढाईनंतर शामोनीचें नशीब पालटलें. १७८७ च्या ऑगस्टांत सोस्यूर स्वतः अठरा वाटाड्ये घेऊन माथ्यावर गेला आणि चार तासांहून अधिक वेळ प्रयोग करीत बसला. १८०८ मध्यें मारी पारादी नांवाची गांवचीच एक मोलकरीण वर जाऊन आली. शेवटच्या टप्प्यांत वाटाड्यांनीं तिला बहुतेक ओढूनच नेलें, हें ती स्वतःच मोकळेपणानें सांगत असे. त्यानंतर तीस वर्षांनीं, १८३८ मध्यें, चव्वेचाळीस वर्षांची आंरिएत दांजव्हील ही उमराव घराण्यांतील बाई स्वतः आंखणी करून वर गेली. परत आल्यावर तिनें जी मेजवानी दिली तिला म्हाताऱ्या मारीस आवर्जून बोलाविलें होतें असें सांगतात.

परंतु या गांवाचें खरें शहाणपण उपजलें तें यशांतून नव्हे. सन १८२० च्या ऑगस्टांत डॉक्टर हॅमेल नांवाचा रशियाच्या दरबारचा एक शास्त्रज्ञ मों ब्लांवर निघाला. हवा बिघडलेली होती, ताजें बर्फ पडलें होतें, वाटाड्यांचें मन नव्हतें. पण पाहुण्यानें त्यांच्या हिंमतीचा प्रश्न काढला असें म्हणतात, आणि मंडळी चालूं लागली. माथ्याच्या खालच्या उतारावर पायांखालचें बर्फच घसरलें. तीन वाटाड्ये हिमनदीच्या खोल भेगेंत गडप झाले, पाहुणा वांचला. मेलेल्यांच्या बायकामुलांचें काय, हा प्रश्न दुसऱ्या दिवशीं गांवापुढें उभा राहिला. त्यांतूनच १८२१ मध्यें शामोनीच्या वाटाड्यांची संस्था निघाली. ती आजही चालू आहे आणि या प्रकारच्या संस्थांत जगांतील सर्वांत जुनी आहे. तिच्या आरंभींच्या नियमांत दोन गोष्टी मुख्य होत्या. एक, अपघातांत सांपडलेल्यांच्या कुटुंबांसाठीं मदतनिधि. दुसरी, पाळीप्रमाणें काम. प्रवाशानें वाटाड्या निवडावयाचा नाहीं, ज्याची पाळी असेल तो यावयाचा. श्रीमंत पाहुण्यास हा नियम जाचत असे यांत नवल नाहीं. परंतु पाळी ठरलेली असली म्हणजे गिऱ्हाईक हातचें जाईल या भीतीनें “चला, जाऊं” म्हणण्याचें कारण वाटाड्यास उरत नाहीं.

आतां आजच्या प्रवाशाकडे वळूं. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ पायीं भटकणाऱ्यांचा. हिंवाळ्यांत तेथें बर्फावर घसरण्याच्या खेळांचें राज्य असतें. १९२४ सालीं हिंवाळी ऑलिंपिक सामने पहिल्यानें भरले ते याच गांवीं. आपल्याकडील सह्याद्रि पालथा घालणारा तरुण बहुधा उन्हाळ्यांतच जाईल. त्यानें गांवांत उतरल्यावर देवळाशेजारच्या जुन्या घरांत जावें. हें एके काळीं पाद्र्याचें राहतें घर होतें. आतां तेथें वाटाड्यांची कचेरी आणि डोंगराची ताजी स्थिति सांगणारें कार्यालय आहे. कोणत्या वाटेवर बर्फ अजून टिकून आहे, कोठें दरडी सुटत आहेत, उद्यां दुपारीं गडगडाट होईल काय, हें सारें तेथें विचारतां येतें, आणि विचारल्याबद्दल कोणी हंसत नाहीं. हवामानाचें पत्रक रोज लागतें. गांवांतील जाणते चढणारे तें वाचल्याखेरीज बूट बांधीत नाहींत. नवखा मात्र त्याच्यासमोरून आईस्क्रीम खात निघून जातो.

पहिले दोन तीन दिवस मों ब्लांच्या वाटेस जाऊंच नये. त्याच्या समोरच्या, म्हणजे उत्तरेकडच्या अंगास तांबूस खडकांची एक रांग आहे. तिला एग्वी रूज, म्हणजे तांबड्या सुया म्हणतात. तिच्या कमरेभोंवतीं एखाद्या सज्ज्यासारखी पायवाट गेलेली आहे. फ्लेजेर या टप्प्यापर्यंत तारेच्या गाडीनें जाऊन तेथून दीड दोन तास चढलें, कीं ७,७०० फुटांवर ‘लाक ब्लां’ म्हणजे पांढरें तळें लागतें. वारा पडलेला असला तर त्या पाण्यांत समोरच्या हिमशिखरांचें प्रतिबिंब असें उमटतें, कीं खालचें कोणतें आणि वरचें कोणतें याचा क्षणभर विसर पडतो. हा सारा भाग राखीव आहे. कुत्रीं नेण्यास बंदी आहे. वांकड्या दणकट शिंगांचे रानबोकड खडकावर निर्भयपणें उभे असतात, आणि मार्मोट नांवाचे घुशीसारखे पण लठ्ठ प्राणी शीळ घालून एकमेकांस सावध करतात. दोन दिवस असें हिंडल्यानें फुप्फुसांस उंचीची संवय होते आणि समोरच्या बाजूचा सारा नकाशा नजरेखालून जातो. हा दुसरा फायदा फारच थोडे लोक घेतात.

ज्याला बर्फावर चढावयाचें नाहीं, पण मों ब्लांची ओढ आहे, त्यास सर्वांत उत्तम म्हणजे त्या पर्वतास प्रदक्षिणा घालणें. प्रदक्षिणा आपल्या लोकांस समजावून सांगावी लागत नाहीं. सोस्यूरनें ती १७६७ मध्यें केली होती. फ्रान्स, इटली व स्वित्झर्लंड या तिन्ही देशांतून जाणारी ही वाट सुमारें १७० किलोमीटरांची असून साधारण माणसास दहा अकरा दिवस लागतात. ८,३०० फुटांवरील फेरे खिंड ओलांडली कीं देश बदलतो, पण घाटाच्या दोन्ही अंगांस गाईंच्या गळ्यांतील घंटा त्याच. मुक्कामास डोंगरांतील विश्रामघरें आहेत. एका लांब मेजावर सर्वांनीं एकत्र जेवावयाचें, एका मोठ्या खोलींत ओळीनें निजावयाचें. शाकाहारी माणसानें जागा राखतांनाच तसें कळवावें. मग रस्सा, पाव, चीज आणि बटाटे यांवर त्याची उपासमार होत नाहीं. जागा महिनोन् महिने आधीं भरतात. याच वाटेनें २००३ पासून दर वर्षीं ऑगस्टच्या अखेरीस एक शर्यत होते. जी वाट चालावयास दहा दिवस लागतात ती पहिले धांवणारे एका दिवसाच्या आंत पुरी करतात. तें पाहण्यासारखें आहे. त्यांनीं वाटेंत काय पाहिलें, हें मात्र विचारूं नये.

यानंतर रोपवे. गांवाच्या पायथ्यापासून एग्वी द्यू मिदी या सुळक्याच्या टोंकाशीं जाणारी तारेची गाडी १९५५ सालीं पुरी झाली. मध्यें एकदां गाडी बदलून सुमारें वीस मिनिटांत ती प्रवाशास ३,४०० फुटांवरून १२,६०० फुटांवर नेऊन सोडते. गांवांत सदरा घालून कॉफी पिणारा मनुष्य अर्ध्या तासांत जानेवारीच्या थंडींत उभा राहतो. डोकें दुखूं लागतें, दोन पायऱ्या चढल्या कीं धाप लागते, कोणास मळमळतें. तेथें घाई करूं नये, आणि त्रास वाढला तर शरम न धरतां पहिल्या गाडीनें खालीं यावें. खालीं आल्यावर तो आपोआप निवतो. त्या टोंकाशीं बोगद्यासारखी एक वाट बर्फाच्या अरुंद धारेवर उघडते. दारापलीकडे दोर, बर्फाची कुऱ्हाड आणि बुटांस बांधावयाचे लोखंडी कांटे असल्याखेरीज पाऊल टाकूं नये. अलीकडे गरम चहा मिळतो आणि पलीकडे शेंकडों फुटांची घसरण आहे. मध्यें एक दार. पूर्वीं दोन दिवस चालून तेथें जाणारा मनुष्य चालतां चालतां डोंगर शिकत असे. वीस मिनिटांत जाणाऱ्यास तें शिकावयास वेळच मिळत नाहीं, आणि यंत्रानें उंची कमी केली म्हणून धोकाही कमी झाला अशी त्याची समजूत होते.

या समजुतीची किंमत गांवानें एकदां डोळ्यांदेखत मोजली. सन १९५६ च्या डिसेंबरांत जां व्हैंसांदों आणि फ्रांस्वा आंरी हे पंचविशीच्या आंतले दोन तरुण मों ब्लांच्या अवघड बाजूनें चढावयास गेले आणि वादळांत सांपडले. गांवांतून ते दुर्बिणीनें दिसत होते. १७८६ मध्यें जशी दुर्बीण लागली होती तशीच आतांही लागली. पण या वेळीं पाहणारांत वार्ताहर होते आणि तिकडे वर दोन जीव गोठत होते. भर हिंवाळ्यांत माणसें पाठविलीं तर आणखी प्राण जातील, असें वाटाड्यांच्या जबाबदार मंडळींचें मत पडलें. लायोनेल तेरे, जो १९५० च्या अन्नपूर्णा मोहिमेंत होता, त्याला तें पटलें नाहीं. तो कांहीं सोबती घेऊन निघाला, परंतु पोंचूं शकला नाहीं. लष्कराचें हेलिकॉप्टर त्या तरुणांच्या जवळच कोसळलें. मग त्यांतील वैमानिकांना व त्यांच्या बरोबरच्या वाटाड्यांना सोडविण्यांतच सारी शक्ति गेली, आणि ते दोघे तरुण तेथेंच राहिले. कोण चुकलें याचा वाद फ्रान्समध्यें पुढें कित्येक वर्षें चालला. त्या वादांत दोन्ही बाजूंचे लोक प्रामाणिक होते, म्हणूनच तो वाचवत नाहीं. त्यानंतर १९५८ मध्यें शामोनींत पोलिसांचें खास पर्वतपथक स्थापन झालें. आज संकटाची खूण मिळतांच त्याचें हेलिकॉप्टर उडतें. उन्हाळ्यांत त्याचा आवाज गांवांत दिवसांतून अनेकदां ऐकूं येतो; पाहुणे माना वर करून पाहतात, गांवकरी पाहत नाहींत.

अलीकडे डोंगरच बदलत आहे. मोंतांव्हेर या ठिकाणीं दातेरी रुळांची लहान आगगाडी जाते. निलगिरीच्या गाडींतून जे गेले असतील त्यांस तिची कल्पना येईल. १९०८ पासून ही गाडी माणसें नेत आहे तीं मेर द ग्लास म्हणजे ‘हिमसागर’ दाखवावयास. पूर्वीच्या चित्रांत त्या स्थळाच्या थोड्याच खालीं गोठलेल्या लाटांसारखें बर्फ दिसतें. आज तेथून खालीं पाहिलें तर करड्या दगडगोट्यांनीं भरलेली एक खोल दरी दिसते आणि हिमनदी तिच्या तळाशीं, धुळीनें माखलेली. १९८८ मध्यें तेथें खालीं उतरावयास तारेची गाडी बांधली तेव्हां तिच्या टोंकापासून बर्फापर्यंत अवघ्या तीन पायऱ्या होत्या. पुढें दर वर्षीं पायऱ्या जोडाव्या लागल्या. त्या पांचशेंहून अधिक झाल्या. खडकावर पाट्या ठोकल्या आहेत : या सालीं बर्फ येथें होतें. उतरणारा मनुष्य आपल्या जन्मसालाची पाटी शोधतो, आणि ती सांपडली कीं गप्प होतो. अखेर २०२४ मध्यें खोऱ्याच्या वरच्या अंगास नवी गाडी सुरू करावी लागली. १६४४ मध्यें बिशपानें जी विनंती केली होती ती अशी मान्य होईल हें त्या शेतकऱ्यांच्या स्वप्नींही आलें नसेल.

याचा चढणारांशीं संबंध फार जवळचा आहे. उंच खडक एकसंध राहतात ते त्यांच्या भेगांतील बर्फाच्या बंधनानें. तें सुटूं लागलें कीं कडे सुटतात. द्र्यू या सुळक्याचा प्रसिद्ध ‘बोनात्ती स्तंभ’ २००५ मध्यें कोसळला, आणि त्याबरोबर चढाईच्या इतिहासांतील एक नामांकित वाट जगांतून नाहींशी झाली. मों ब्लांच्या नेहमींच्या वाटेवर एक दगडी घळ आडवी ओलांडावी लागते. उष्म्याच्या दिवसांत तींतून दगडांचा मारा चालतो. २०२२ च्या जुलैंत उन्हाळा इतका कडक झाला, कीं वाटाड्यांच्या संस्थांनीं त्या वाटेनें गिऱ्हाइकें नेणेंच थांबविलें. भर हंगाम, पैसे भरून आलेले पाहुणे, तरी “नाहीं” म्हटलें. कित्येक पाहुणे रागावले असतील. हॅमेलच्या वाटाड्यांना जें म्हणतां आलें नाहीं तें दोनशें दोन वर्षांनीं त्यांच्या वारसांना म्हणतां आलें, एवढें तरी त्या रागावलेल्या पाहुण्यांस कोणीं सांगावयास हवें होतें.

मुंबईच्या माणसास शामोनींत एक ठिकाण चुकवून चालणार नाहीं. गांवापासून खालच्या अंगास बोसों नांवाची हिमनदी मों ब्लांच्या घुमटावरून जणूं एका झेपेंत खालीं आलेली दिसते. ३ नोव्हेंबर १९५० रोजीं एअर इंडियाचें ‘मलबार प्रिन्सेस’ हें मुंबईहून निघालेलें विमान मों ब्लांवर आदळलें. त्यांत ४८ माणसें होतीं. बहुतेक प्रवासी जहाजावर कामास निघालेले हिंदी खलाशी होते. त्यांच्या शोधार्थ वादळांतून निघालेल्या तुकडींतील रने पायो नांवाचा शामोनीचा वाटाड्या बर्फाच्या भेगेंत पडून मेला. ज्यांचीं नांवें त्याला ठाऊक नव्हतीं, ज्यांची भाषा त्यानें कधीं ऐकली नसावी, अशा खलाशांसाठीं तो गेला होता. सुमारें पंधरा वर्षांनीं, २४ जानेवारी १९६६ रोजीं, ‘कांचनजंगा’ हें एअर इंडियाचेंच दुसरें विमान जवळजवळ त्याच जागीं आदळलें. त्यांतील ११७ जणांत डॉक्टर होमी भाभा होते. व्हिएन्ना येथील अणुशक्तीविषयक सभेस ते निघाले होते. मुंबईस जन्मलेला, मुंबईसच आपलीं संशोधनमंदिरें उभारणारा हा मनुष्य या परक्या पर्वताच्या स्वाधीन झाला.

हिमनदी स्थिर दिसते, पण ती वाहते. हॅमेलच्या तीन वाटाड्यांचे अवशेष १८६१ मध्यें, म्हणजे एकेचाळीस वर्षांनीं, याच बोसों हिमनदीच्या तोंडाशीं वर आले. फोर्ब्स या स्कॉटिश शास्त्रज्ञानें हिमनदीचा वेग मोजून चाळीसएक वर्षांत असें घडेल असा अंदाज सांगितला होता, आणि अपघातांतून वांचलेला एक वाटाड्या तेव्हांही हयात होता. त्याच रीतीनें ही नदी दोन्ही विमानांचीं चिन्हें हळूहळू परत देत आहे. २०१२ मध्यें हिंदुस्थान सरकारच्या टपालाची एक थैली मिळाली. २०२० मध्यें इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याच्या बातमीचीं, १९६६ मधलीं वर्तमानपत्रें मिळालीं. तीं वाळवून वाचतां आलीं. २०१३ मध्यें एका तरुण चढणाऱ्यास पाचू व नीलमण्यांनीं भरलेली एक पेटी सांपडली. ती त्यानें खिशांत घातली नाहीं, पोलिसांत नेऊन दिली. वारसांचा पत्ता लागला नाहीं, तेव्हां २०२१ मध्यें तीं रत्नें त्याच्यांत आणि शामोनी गांवांत निम्मीं निम्मीं वाटण्यांत आलीं. गांवच्या स्फटिकांच्या संग्रहालयांत बाल्माच्या धंद्याचे दगड आहेत, त्यांच्या शेजारीं आतां या रत्नांनाही जागा मिळाली आहे.

शामोनीस ऑगस्टांत जाणाऱ्यानें एक तारीख ध्यानांत ठेवावी. पंधरा ऑगस्टला वाटाड्यांचा सण असतो. सकाळीं ते आपल्या संस्थेच्या पोषाखांत जमतात, दोरांना व बर्फाच्या कुऱ्हाडींना आशीर्वाद दिला जातो, आणि डोंगरांत मेलेल्या वाटाड्यांचीं नांवें मोठ्यानें वाचलीं जातात. यादी लांब आहे; तींत तींच तींच आडनांवें पुन्हा पुन्हा येतात, कारण हा धंदा बापाकडून मुलाकडे येतो. त्या दिवशीं वर जावयास वाटाड्या मिळणें कठीण. पण मिळत असला तरी त्या दिवशीं चढाई ठेवूं नये, सकाळीं लवकर उठून चौकांत जावें. गर्दी असते, नीट ऐकूं यावयास देवळाच्या पायऱ्यांच्या उजव्या डाव्या अंगास कोठेंतरी उभें राहावें, आणि नांवें संपेपर्यंत थांबावें.